मागचं मडगार्ड

३ ऑगस्ट १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, एवढाच हेतू.

काम असं. चुलतभावाने मस्कतहून अमेरिकन लष्करी ट्रकचं प्लॅस्टिकचं किट आणून दिलं. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाचं मॉडेल. दुसरा कोणी असता तर डब्यावरच्या चित्रासारखं चिकटवून मोकळा झाला असता. मी त्याचा आपल्या फौजेचा शक्तिमान ट्रक करणार. एक अ‍ॅक्सल काढायचा, चेसिस आखूड करायची, बॉनेटला गोलाई द्यायची. आणि कोणाचाही शक्तिमान नाही, मामाजींचा. मामाजी म्हणजे माझे सासरे सोमाजी. फौजेत ड्रायव्हर होते, पासष्टच्या लढाईत शक्तिमान चालवलेला. दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरते, झाडून सगळे पाहुणे येतात. तेव्हा चारचौघांत त्यांच्या हातात त्यांची गाडी ठेवायची. सासरवाडीत माझी ओळख आजवर 'कांताचा नवरा, कारखान्यात आवक-जावक टपाल पाहतो' एवढीच आहे. ती बदलेल.

कांताला बेत सांगितला. म्हणाली, आधी शिलाई मशीनवरचे तुमचे डबे उचला.

१० ऑगस्ट
काल वडसाला जाऊन मामाजींकडून फोटो आणला. त्यांचा फौजेतला हा एकच. भिंतीवरून काढून, फ्रेम खोलून दिला. शक्तिमान आडवा, पूर्ण लांबीचा. काय फोटो आहे! बॉनेटपाशी मामाजी, तरुण, मिशा पिळलेल्या. मागच्या फळीपलीकडे आणखी एक उंच माणूस उभा आहे. त्याचा गाडीशी संबंध नाही.

मामाजी म्हणाले, "घेऊन जा, पन मंडईले याल तेव्हा आठवनीनं आना. काम आहे त्याचं." हो म्हणालो. काय काम ते विचारलं नाही. छोट्या लाईनची रेल्वे सुटायची वेळ झाली होती.

१७ ऑगस्ट
भद्रावती लघुवाहन मंडळाची पहिली बैठक. संस्थापक मी. सभासद दोन: ठेंगरी सर, शाळेत ड्रॉइंग शिकवतात, काड्यापेटीच्या काड्यांचा रणगाडा केलेला, आणि श्रावण उराडे, आमच्याच कॉलनीतला, डालड्याच्या डब्याची जीप केलेली. दर रविवारी सकाळी सरांच्या पडवीत जमायचं. नियम मी घातला: ज्याचं मॉडेल मध्ये ठेवलं असेल त्याने सूचना ऐकायच्या, उत्तर द्यायचं नाही. त्याशिवाय कला सुधारत नाही.

पहिलं मॉडेल माझंच. सर म्हणाले, बॉनेट लांब वाटतं. उराडे म्हणाला, चाकं बैलबंडीची वाटतात. मी उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर कांताला दिलं, जेवण होईपर्यंत.

२४ ऑगस्ट
ठेंगरी सरांची सूचना उत्तम. शाळेत एपिडायस्कोप आहे. त्यात फोटो ठेवला की भिंतीवर मोठा दिसतो, मापं सरळ पट्टीने घेता येतात. शाळा उघडून घेतली. फोटो लांबीला जास्त, खाचेत बसेना. दुमडावा तर बॉनेटवरून चीर जाणार. सर म्हणाले, फोटो तुमचा, तुम्ही ठरवा. कात्री मात्र त्यांनीच काढून दिली, याची नोंद असावी.

कडेचा तीन बोटांचा पट्टा कापला. गाडीला धक्का नाही. मामाजींना धक्का नाही. फक्त तो जादा माणूस गेला. पट्टा पाकिटात घालून ठेवला आहे. नंतर मागून कागद लावून जोडून टाकू, जोड दिसायचासुद्धा नाही.

भिंतीवर शक्तिमान एवढा मोठा आला की उराडे बाजूला सरकला.

३१ ऑगस्ट
बॉनेट नवीन केलं. सर म्हणाले आता आखूड वाटतं.

७ सप्टेंबर
सरांना बॉनेट पटलं. मग उराडेने मागच्या मडगार्डांवर बोट ठेवलं. प्लॅस्टिकची मडगार्डं भाकरीएवढी जाड, खऱ्या गाडीला पत्रा असतो. हे खरं आहे. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.

पातळ पण ताठ, वाकवलं की तसंच राहील असं काहीतरी हवं. पोस्टकार्ड मऊ पडतं. डब्याच्या पत्र्याने बोट कापलं. जुनी एक्स-रेची फिल्म चांगली वाकते, पण रंग धरत नाही. लग्नपत्रिकेचा कागद करून पाहिला, फुगला. सगळा आठवडा याच्यात जाणार.

१३ सप्टेंबर
पूर्वीच्या काळी फोटोचा कागद काय उत्तम बनवायचे!

हे सहज लक्षात आलं. पाकिटातला पट्टा जागेवर आहे ना हे बघायला काढला होता. बोटाभोवती गुंडाळून पाहिला. ताठ. चिवट. सोडला तरी गोलाई धरून. असा कागद अख्ख्या चंद्रपुरात मिळणार नाही.

कापायचा म्हणून कापला नाही. बसतो का, एवढं पाहायला कापला. बसला. कमरेपासून वरचा भाग मागच्या डाव्या चाकावर, खालचा उजव्या. गुळगुळीत बाजू आत, कारण रंग खरबरीत बाजूला धरतो. बामच्या बाटलीवर ओला करून वाकवला, आतून प्लॅस्टिकची कमान देऊन फेविकॉलने बसवला. हिरव्या एनॅमलचे हात देऊन झाले. आतलं काही दिसत नाही.

फोटोचा मुख्य भाग सुरक्षित आहे.

१४ सप्टेंबर
मडगार्डांवर दोघंही खूश. सर चष्मा काढून, डोळा लावून पाहत होते. म्हणाले, अख्ख्या गाडीत हेच खरं वाटतं, मटेरियल काय? मी म्हणालो, बाहेरून मागवलं. नियम सूचनांना उत्तर न देण्याचा आहे, हा प्रश्न होता.

दुपारी जेवताना घास अडकला. वरण फार घट्ट झालं होतं.

२८ सप्टेंबर
कांताने विचारलं, "बाबांचा फोटो नीट ठेवला ना तुमी?" म्हणालो, घरातच आहे. हे शंभर टक्के खरं आहे. एकही तुकडा घराबाहेर गेलेला नाही. रविवारचे दोन तास सोडले तर.

१६ ऑक्टोबर
मामाजी दोन दिवस आमच्याकडे. चंद्रपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला आले होते. गाडी मी लपवून ठेवली, मंडईला एकदम दाखवायची म्हणून. जेवताना ते आपणहून फोटोचं बोलले.

तो जादा माणूस सुकलू. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच गाडीवर होते, एक दिवस हा चालवायचा, एक दिवस तो. "त्या दिवशी माही पाळी होती. मले ताप होता. तो म्हने, तू झोप, मी जातो." गाडी परत आली नाही. सुकलूही नाही. त्याची बायको बुधरी, तिच्याजवळ नवऱ्याचा एक फोटो नाही. दर मंडईला ती मामाजींकडे येते, भिंतीवरचा फोटो बघते आणि जाते. "माहाही एकच फोटो होता. तिच्या घरी पानी गळते, धूर असते, खराब होईल म्हनून नाई दिला मी. वीस वर्सं नाई दिला. चूकच झाली ते. आता या मंडईले देऊन टाकतो."

मी म्हणालो, भात घ्या अजून.

मग ते म्हणाले, कुठी आहे, पाहू द्या जरा. मी म्हणालो, चंद्रपूरच्या स्टुडिओत दिलाय, मोठा करायला. तोंडातून निघून गेलं. मामाजींचा चेहरा असा खुलला की मला पाहवेना. "मोठा होऊन राह्यला काय! मंग त तिले लांबूनही दिसंल." मी हात धुवायला उठलो. हात धुतले, परत धुतले.

१७ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. मडगार्डं काढायची. सुईने कड उचलून पाहिली. रंगाला तडा गेला, कागद हलला नाही. ओढून काढावा तर चित्र प्लॅस्टिकलाच चिकटून राहायचं आणि हाती कोरा कागद यायचा. म्हणजे काढणं हेच सुकलूच्या दृष्टीने धोक्याचं आहे. सध्या तो आत आहे तेच बरं.

उपाय एकच. गाडी इतकी हुबेहूब करायची की फोटोची कोणाला आठवणच येऊ नये. कामाला लागलो. मन लागत नव्हतं, तरी लागलो.

१९ ऑक्टोबर
उराडेची सूचना: गाडीत माणूस नाही, म्हणून ती गॅरेजात उभी वाटते.

हे ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. सुकलूला केबिनमध्ये बसवायचा! फोटोत तो गाडीच्या बाहेर होता, इथे गाडी चालवेल. बुधरीबाईंना फोटोपेक्षा हे जास्त आवडेल. फोटो काय, सपाट असतो.

किटमध्ये एक शिपाई होता. अमेरिकन, तोंडात चिरूट. चिरूट कापला. हेल्मेट घासून टोपी केली. मग चेहरा रंगवायला घेतला आणि ब्रश हातातच राहिला. फोटो इतके दिवस माझ्याजवळ होता. भिंतीएवढा मोठा करून पाहिला होता. स्प्रिंगच्या पट्ट्या किती ते मला पाठ आहे. त्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही. उंच होता, एवढंच आठवतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

शिपाई बसलेला आहे, त्यामुळे उंचीचाही उपयोग झाला नाही.

२६ ऑक्टोबर
दोघांच्या मते ड्रायव्हर गोरा साहेब दिसतो. हनुवटी घासली. नाक थोडं गेलं. सरांच्या मते आता आजारी साहेब दिसतो.

२९ ऑक्टोबर
अर्धी रजा टाकून खरंच चंद्रपूरच्या एका स्टुडिओत गेलो, म्हणजे मामाजींना सांगितलेलं निदान थोडं तरी खरं होईल. उरलेला फोटो दाखवला. विचारलं, इथे कडेला एक माणूस उभा करता येईल का? म्हणाला, का नाही, जोडून देऊ, तो माणूस घेऊन या.

एस.टी.त जागा होती तरी उभा राहून आलो. का, ते माहीत नाही.

१ नोव्हेंबर
उद्या कांताला सांगणार.

२ नोव्हेंबर
सांगायची गरज पडली नाही. मंडईला न्यायचं सामान काढताना तिने फोटोचं पाकीट उघडलं. "बाबांच्या बाजूचा मानूस कुठी गेला?" मी म्हणालो, तांत्रिक कारणाने वेगळा ठेवलाय. तिने फोटो उलटून पाहिला, जणू तो मागे गेला असेल. मग म्हणाली, "लहानपनी आमी बाबांले आन सुकलूकाकाले, दोघांले 'जातो' म्हनून शाळेत जावो. बाबा घरी नसले तरी सुकलूकाका राहे भिंतीवर." पट्टा आहे ना, विचारलं. आहे, म्हणालो. कुठे ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फराळाची ताटली तिने पुढ्यात ठेवली, पण आदळून.

८ नोव्हेंबर
चांदा फोर्टहून छोट्या लाईनने निघालो. खोका मांडीवर. ठरवलं की कांताला मूलला सांगायचं. मूलला गर्दी चढली. सिंदेवाहीला सांगणार तर चहावाला आला. नागभीडला गाडी इतका वेळ उभी होती की संपूर्ण हकीकत दोनदा सांगून झाली असती, म्हणून म्हटलं घाई कशाला. ब्रह्मपुरीला तिला झोप लागली. झोपलेल्या माणसाला उठवून असं सांगणं बरं नव्हे. वडसा आलं.

स्टेशनबाहेर नाटकांचे बोर्डच बोर्ड. एका बोर्डावर रडणारा बाप होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.

१० नोव्हेंबर
काल मंडई झाली. सगळं लिहितो.

अंगणात चाळीसेक पाहुणे. मी खोका उघडून गाडी खाटेवर ठेवली आणि पस्तिसाव्या हिश्शाबद्दल थोडं बोललो. कांताच्या मोठ्या काकांनी उचलून पाहिली, उलटी केली आणि विचारलं की चाबी कुठी आहे. चाबी नसते म्हटल्यावर खाली ठेवली. मामाजींनी मात्र हातात घेऊन बॉनेटवरून अंगठा फिरवला. "बराबर आहे. असीच होती." हे ऐकण्यासाठी मी तीन महिने झटलो होतो. ऐकलं आणि रिकाम्या खोक्याला झाकण लावत बसलो.

बुधरीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. माझ्या कल्पनेत त्या फार म्हाताऱ्या होत्या. तशा नाहीत. रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून चारोळीची पुडी आणलेली. त्यांची नजर भिंतीवरच्या त्या खिळ्यावर, जिथे फोटो असायचा. मामाजी मला म्हणाले, आना मंग फोटो. आणि मी हललो नाही असं पाहून, तोवर म्हणून, त्यांनी गाडी बुधरीबाईंच्या हातात दिली. म्हणाले, हेच गाडी. याच गाडीवर आमी दोघं होतो.

त्यांनी ती सांभाळून धरली. केबिनच्या खिडकीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा कोन?" मामाजी वाकले, डोळे बारीक केले, म्हणाले, "कोनी साहेब दिसते." बाई म्हणाल्या, "मंग तो कुठी आहे?"

कांता माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, मागे. मागच्या मडगार्डात. कोणाला कळलं नाही. मग एपिडायस्कोपपासून सांगायला लागलो. खाच, लांबी, बॉनेटवरची चीर, सगळं सांगितलं, तरी कोणाला कळेना. कात्री म्हणालो तेव्हा मामाजींना कळलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बुधरीबाईंच्या हातून गाडी घेतली, माझ्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाले, "काढा."

तिथेच, अंगणात, चाळीस माणसांत, कोमट पाण्याचं पातेलं आणि दाढीचं ब्लेड घेऊन बसलो. उजवं आधी निघालं. पाय, बूट, अगदी स्वच्छ. डावं निघेना. एनॅमल सोलत गेलो, पाणी घालत गेलो. कागद सुटत आला तेव्हा एक खांदा आणि कान प्लॅस्टिकच्या कमानीलाच राहिले. चेहरा मात्र आला. गालावर फेविकॉलचा पांढरा डाग, टोपीवर हिरव्या रंगाची खपली. हसरा होता. टोपी तिरपी. दात किंचित पुढे. साहेबासारखा अजिबात नाही.

बुधरीबाईंनी तळहातावर घेतला. चाकाच्या गोलाईने वाकलेला. त्या अंगठ्याने सरळ करायच्या, अंगठा काढला की तो पुन्हा वाकायचा. दोन-तीनदा तसं केलं. मग म्हणाल्या, "हाच." आणि त्याच्याशी गोंडीत काहीतरी बोलल्या, हळू. मी अर्थ विचारला नाही. ते मला सांगण्यासारखं नव्हतं. दोन्ही तुकडे पदराच्या टोकाला बांधले, गाठ ओढून पाहिली, चारोळीची पुडी कांताच्या हातात दिली आणि उठल्या. मामाजी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

गाडी खाटेवर राहिली. ती कोणी मागितली नाही.

मामाजी परत आले तेव्हा मी माफी मागायला उभा होतो. वाक्य जुळवलेलं होतं. ते खाटेवर टेकले. म्हणाले, "मी वीस वर्सं तिले नाई दिला, खराब होईल म्हनून." मग म्हणाले, "जेवून घ्या जवाई." माझं वाक्य तसंच राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मंडळात जाणार नव्हतो. पण उराडे बोलवायला आला, मग गाडी घेऊन गेलो. मागची चाकं उघडी, रंग सोललेला, ब्लेडच्या रेघा, पाण्याने फुगलेला फेविकॉल. ड्रायव्हरची सीट रिकामी, साहेबाला मी काढून टाकला आहे. मध्ये ठेवून खाली मान घालून बसलो.

दोघांनी ती चारही बाजूंनी पाहिली. मग सर म्हणाले, वा. लढाईतून परत आलेली वाटते. उराडे म्हणाला, आता यात सुचवण्यासारखं काही नाही. संस्थापकाच्या मॉडेलला सूचना नाही, असं पहिल्यांदाच झालं. सरांनी मग चष्मा काढून डोळा लावला आणि विचारलं, कमानीवर हे काय केलंत, बारीक, कानासारखं? नियमाप्रमाणे मी उत्तर दिलं नाही.

घरी आलो. कांताने तो कान आणि खांदा पाहिला. म्हणाली, हेही काढा आन पाठवून द्या बुधरीबाईले, तिचं आहे ते. बरोबरच आहे. पाठवणार आहे. पण काम नाजूक आहे, घाईत काढलं तर खराब होईल, म्हणून सध्या ठेवलं आहे.